लीजवर सही करण्याआधी

न्यू जर्सीत मास्टर्सला आलेली मुलं चौघं मिळून घर घेतात आणि डोक्यात हिशेब एकच: भाडं भागिले चार. लीजमध्ये मात्र ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द असतात, म्हणजे सगळे मिळून आणि प्रत्येक जण एकटाही पूर्ण भाड्याला जबाबदार. ते दिसले की थांबा. समजा भाडं २,८०० डॉलर आहे आणि एकाला टेक्सासमध्ये नोकरी लागली, तो निघून गेला. त्याचे ७०० मागायला घरमालक टेक्सासला जाणार नाही. तो उरलेल्या तिघांकडे मागेल, आणि मनात आलं तर सगळं भाडं तुमच्या एकट्याकडेही मागू शकतो. लीजिंग ऑफिसातली बाई ‘यू आर ऑन द हुक’ (म्हणजे जबाबदारी तुमच्या गळ्यात) असं कितीही गोड हसून म्हणाली, तरी ती गंमत नव्हे. खर्च वाटून घ्यायच्या तुमच्या स्प्लिटवाइज ॲपशी तिला काही देणंघेणं नाही.

जाणाऱ्याने व्हॉट्सॲपवर आपल्या जागी दुसरा मुलगा शोधून दिला, एवढ्याने भागत नाही. जुन्याचं नाव काढल्याचं आणि नव्याचं घातल्याचं घरमालकाकडून लेखी घ्या. तोवर जुना आणि तुम्ही, दोघंही अडकलेले. डिपॉझिटमधला त्याचा वाटा कोण, कधी देणार हेही तेव्हाच लिहून ठेवा. (इथे डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो.)

वर्षा-दोन वर्षांत नोकरी लागली, क्रेडिट स्कोअर जमला, की कुणीतरी म्हणतं, “दादा, गाडीच्या लोनला को-साइन कराल का? नुसती सहीच तर आहे.” गावी पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून नोटिसा घेणारे काका आठवतात ना? हे तेच. गाडी तो चालवणार, पण हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर डाग तुमच्याही क्रेडिट रिपोर्टवर पडतो आणि सात वर्षं राहू शकतो. को-साइनरला वेगळी सूचना देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे, ती वाचा. माझं मत विचाराल तर सख्ख्या भावाशिवाय कुणाला को-साइन करू नका, आणि भाऊ असला तरी ऑनलाइन खातं बघायची मुभा मागून घ्या. वाईट वाटलं तर वाटू दे.

नवरा-बायकोने एकत्र टॅक्स रिटर्न भरला तरी हाच प्रकार: कमाई एकाची असली तरी बाकी राहिलेल्या कराला दोघं जबाबदार. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या ताईंनी सही करण्याआधी आकडे बघावेत.