एफ/१.४ घेतली, पण फोकस कुठे आहे?

माझी पहिली मॅन्युअल लेन्स, म्हणजे रिंग हाताने फिरवून फोकस लावायची लेन्स, जुनी ५० मिमी एफ/१.४ होती. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, दृश्य किती जवळ दिसेल ते सांगणारी. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद.) तिच्यावर एका नाटकाच्या तालमीत मी दोनशेच्या आसपास फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर कामाचे निघाले सात. बाकीच्यांत कान, कॉलर, मागच्या खुर्चीची पाठ हे सगळं टोकदार होतं. डोळे तेवढे नव्हते. मी अर्थातच लेन्सला दोष दिला आणि ती विकायला निघाले होते.

खरा घोळ कॅमेऱ्यात होता. तेव्हा माझ्याकडे साधी डीएसएलआर, म्हणजे आरशातून चित्र दाखवणारा कॅमेरा होता. ऑटोफोकसच्या काळातल्या या कॅमेऱ्यांची फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उमटतं तो पडदा) व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून घडवलेली असते. तिच्यातून साधारण एफ/२.८ ला जेवढी डेप्थ, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट येणारा पट्टा, असेल तेवढीच दिसते. म्हणजे लेन्स एफ/१.४ वर उघडी असली तरी डोळ्याला चित्र एफ/२.८ चं दिसत होतं आणि सेन्सरवर उमटत होतं वेगळंच. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत मधोमध स्प्लिट प्रिझम (फोकस चुकला की चित्र दुभंगून दाखवणारी काच) असायचा तो उगाच नाही.

म्हणून नव्याने या वाटेला येणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: तुमच्या कॅमेऱ्यात फोकस तुम्हाला दिसतो का? मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर चित्र थेट सेन्सरवरून येतं आणि मोठं करून बघता येतं, त्यामुळे निम्मी लढाई जिंकलेली असते. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं चित्र मागच्या पडद्यावर) लावून ट्रायपॉडवर काम करा, नाहीतर एफ/२.८ वर समाधान माना. तसं असेल तर एफ/१.२ साठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

हे किती नाजूक असतं त्याचा अंदाज घ्या. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ५० मिमी एफ/१.४ ने एक मीटरवरचा चेहरा टिपला तर पुढचं-मागचं धरून जेमतेम ३ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. ८५ मिमी एफ/१.४ ने दीड मीटरवरून टिपला तर अडीच. समोरचा माणूस बोलता बोलता किंचित झुकला, किंवा तुम्हीच श्वास सोडताना डोललात, की डोळा त्या पट्ट्याबाहेर गेलाच.

आकड्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. एफ/२ वरून एफ/१.४ म्हणजे पूर्ण एक स्टॉप (दुप्पट उजेड), पण एफ/१.४ वरून एफ/१.२ म्हणजे अर्ध्याच्या आसपास. त्या अर्ध्या स्टॉपसाठी काचेचा आकार, वजन आणि किंमत भराभर वाढते. निकॉनची झेड माउंटवरची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी) ५८ मिमी एफ/०.९५ नॉक्ट २०१९ मध्ये आली. मॅन्युअल फोकसची ही लेन्स दोन किलोच्या घरात आहे. ती गळ्यात घालून दिवसभर कोण फिरणार?

सेन्सरचा आकार इथे लोकांना हमखास गोंधळात टाकतो. फोक्टलेंडरची २५ मिमी एफ/०.९५ नॉक्टन मायक्रो फोर थर्ड्सवर (फुल फ्रेमच्या साधारण निम्म्या मापाच्या सेन्सरवर) फुल फ्रेमच्या ५० मिमीसारखा कोन देते. एक्स्पोजरच्या हिशेबात ती एफ/०.९५ च असते, म्हणजे अंधाऱ्या मंचावर शटर स्पीड खरंच वाढवता येतो. पार्श्वभूमी मात्र फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/१.९ इतकीच विरघळते. मला हा सौदा आवडतो. उजेड भरपूर मिळतो आणि दोन्ही डोळे फोकसमध्ये राहण्याची शक्यताही वाढते. फक्त 'फुल फ्रेमसारखा बोके' (पार्श्वभूमीचं विरघळणं) मिळेल म्हणून ती घेऊ नका.

आता माउंट. इथे मी दुसऱ्यांदा आपटले. कॅननच्या जुन्या एफडी माउंटची एक सुंदर लेन्स हाताला लागली. कंपनी तीच, म्हणून ती माझ्या ईएफ माउंटच्या बॉडीवर सहज बसेल असं मी गृहीत धरलं. प्रत्येक माउंटला सेन्सरपासूनचं एक ठरावीक अंतर असतं. एफडीचं ४२ मिमी, ईएफचं ४४. लेन्स जवळ हवी आणि बॉडी तिला लांब ठेवते, म्हणजे दूरचा फोकस लागणारच नाही. मग मधे काच असलेला स्वस्त अडॅप्टर आणला, आणि त्या काचेने लेन्सची सगळी गोडी घालवली. उलट दिशेने अडचण येत नाही, कारण लांब अंतराची लेन्स आखूड अंतराच्या बॉडीवर नुसत्या पोकळ नळीने बसते. मिररलेस माउंटांची अंतरं अशी: निकॉन झेड १६ मिमी, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ २०. जुनी एसएलआर लेन्स यांतल्या कशावरही चढते.

म्हणूनच कॅमेरा कंपनी बदलायचा विचार मनात असेल तर मी निकॉन एफ माउंटची लेन्स सुचवते. तिचं अंतर ४६.५ मिमी असल्याने ती ईएफ बॉडीवरसुद्धा साध्या अडॅप्टरने जाते. फक्त लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंग आहे ना ते पाहा. 'जी' प्रकारच्या लेन्सला ती नसते आणि साध्या अडॅप्टरवर मग पंचाईत होते. आणि हो, निकॉनची फोकस रिंग कॅननच्या उलट फिरते. दोन्ही प्रकारच्या लेन्स एकाच बॅगेत ठेवल्या तर ऐन क्षणी हात चुकीकडे वळतो. अनुभवाचे बोल.

लायका एम माउंटच्या छोट्या लेन्स (अंतर २७.८ मिमी) मिररलेसवर फार गोजिरवाण्या दिसतात. त्यातल्या वाइड लेन्स मात्र जपून घ्या. सेन्सरवरच्या जाड काचेमुळे काही बॉडींवर कोपरे ओघळल्यासारखे येतात. ५० मिमी आणि पुढे हा त्रास बहुधा जाणवत नाही.

जुनी लेन्स हातात घेतली की दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे हेझ. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या ब्लेडवर तेल चकाकतंय का, फोकस रिंग एकसारखी फिरते का तेही बघा. रिंग अडखळत असेल तर लेन्स सोडा. मॅन्युअल लेन्समध्ये तुम्ही विकत घेता ती मुख्यतः ती रिंगच. काच पिवळट दिसली तर लगेच घाबरू नका. जुन्या ५० मिमी एफ/१.४ ताकुमारसारख्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे, ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.

वापरताना पहिलं काम मेनूत असतं. 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरायची सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. मी एकदा १३५ भरलेलं तसंच ठेवून दिवसभर ३५ मिमी वापरली. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरत राहिला आणि सगळे फोटो हललेले निघाले.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) फार विसंबू नका. ते कॉन्ट्रास्ट शोधतं, फोकस नव्हे. भुवई आणि पापणी दोन्ही रंगवून दाखवतं आणि तुम्हाला वाटतं, झालं काम. मी पीकिंगने जवळपास पोचते आणि मग चौकट डोळ्यावर नेऊन चित्र मोठं करून नेमका फोकस लावते. मधोमध फोकस लावून मग कॅमेरा वळवायची सवय इथे सोडावी लागते, कारण तेवढ्या वळण्यातही फोकसची पातळी सरकते. शेवटचा सेंटिमीटर रिंगने गाठण्यापेक्षा अंग किंचित पुढे-मागे करून गाठणं सोपं जातं. तीन-चार फोटो सलग घ्या. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बारीक केलं की फोकस थोडा सरकतो, तेव्हा ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करा.

कामाच्या बाबतीत स्पष्ट सांगते. पैसे घेऊन केलेल्या कामात, जिथे क्षण पुन्हा येणार नाही तिथे, मी ऑटोफोकसच वापरते. कोणती लेन्स लावली होती हे आजवर एकाही ग्राहकाने विचारलेलं नाही. मॅन्युअल लेन्स मी तालमी, निवांत पोर्ट्रेट आणि व्हिडिओसाठी बाहेर काढते. व्हिडिओत तर लांब फिरणारी रिंग हे वरदानच आहे.

सरावाला एक खेळ सांगते. टेबलावर पाच बाटल्या तिरप्या रांगेत ठेवा. एफ/१.४ वर तिसरीच्या लेबलवर फोकस लावा, फोकस मोडा, पुन्हा लावा, असे तीस फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून बघा. फोकस दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर डीएसएलआरची स्क्रीन तपासून घ्या. कधी पुढे, कधी मागे असा विखुरलेला असेल तर हाताला अजून सवय व्हायची आहे. माझ्या पहिल्या तिसांत तिसरी बाटली अकरा वेळा लागली होती.