एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग: या चुका टाळा

डीबीत (घराच्या वितरण पेटीत) भारीतला आरसीसीबी (करंट अर्थकडे गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच) आणि प्लगच्या मागे अर्थची पिन मोकळी, असे बोर्ड काही कमी नाहीत. उपकरण विकत आणलं म्हणजे संरक्षण मिळालं, असं नसतं. बिघाडाचा करंट ज्या वाटेने परत जायचा ती वाट धड असेल, तरच ते उपकरण वेळेवर पडतं, म्हणजे आपोआप बंद होऊन वीज तोडतं.

आधी एक गैरसमज. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) वायरला वाचवतो, माणसाला नाही. ३० मिलिअँपिअर करंट छातीतून गेला तर जिवावर बेतू शकतं, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची गंधवार्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. मात्र आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. त्यामुळे फक्त आरसीसीबी बसवून एमसीबी गाळणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

पडतोय? मग मोठा टाका!

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी सतत पडतो, म्हणून कुणीतरी ३२चा बसवून देतो. एमसीबी गप्प होतो, पण आता तापायचं काम वायर करते, तेही भिंतीच्या आत. आधी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) लोड मोजा. लोड खरंच जास्त असेल तर वेगळी लाइन ओढा. लोड कमी असूनही पडत असेल तर टर्मिनलचा स्क्रू तपासा. ढिल्या स्क्रूमुळे टर्मिनल तापतं आणि ती उष्णता एमसीबीच्या आतल्या, तापून त्याला पाडणाऱ्या पट्टीपर्यंत पोचते. इन्सुलेशनसकट दाबलेली वायर, एकाच टर्मिनलमध्ये कोंबलेल्या जाड-बारीक दोन वायरी, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) न लावलेले मोकळे तंतू यांचाही परिणाम हाच.

मातीवर फार भरवसा नको

रॉड ठोकला म्हणजे अर्थिंग झालं, असं धरून चालतात. जरा हिशेब करू. बिघाडाच्या करंटला परतीचा रस्ता फक्त मातीतून आहे आणि रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही, आणि वॉशिंग मशीनची बॉडी जिवंतच राहील. रेझिस्टन्स ५ ओहमवर आणला तरी ४६ अँपिअर होतात. सी कर्व्ह या प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे इथे ८० ते १६०. कमी करंटवर तो तापून पडतो, पण त्याला काही सेकंद जातात, आणि शॉक लागलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

याहून वाईट म्हणजे अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडणं. मागे कुठे न्यूट्रल तुटला की यंत्राच्या बॉडीवर थेट फेज येतो. डीबीत आरसीसीबी असेल तर तो या जोडणीमुळे पडत राहतो. मग काही बहाद्दर आरसीसीबीच काढून टाकतात.

मल्टिमीटर इथे फसवतो. फेज आणि अर्थमध्ये २३० दिसलं तरी अर्थ चांगला आहे असं सिद्ध होत नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या क्लॅम्पमधूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा लूप टेस्टरची, म्हणजे बिघाडाच्या करंटची पूर्ण वाट मोजणाऱ्या यंत्राची. उलट, लाइनवर चांगला लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी शून्य आलं, तर सॉकेट उघडून तो तुकडा शोधा.

आरसीसीबी पडतोय, पण कुठल्या लाइनमुळे?

सगळे एमसीबी बंद करून आरसीसीबी वर करायचा आणि एकेक चालू करत जायचं, ही पद्धत बरोबर आहे, पण अर्धीच. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. न्यूट्रल कुठे अर्थला चिकटला असेल, तर सगळे एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. तेव्हा मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडवून पाहाव्या लागतात. दोन आरसीसीबी असतील तर एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या बारवर गेलाय का, हे आधी बघा.

ही कामं परवानाधारक वायरमनची. मेन बंद केल्यावरही येणारी टर्मिनल्स जिवंत असतात, आणि इन्व्हर्टर मागून पुरवठा देत असू शकतो. निऑन टेस्टरवर विसंबू नका. व्होल्टेज टेस्टर आधी चालू लाइनवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू लाइनवर लावून खात्री करा.

आरसीसीबीवरचं टी (टेस्ट) बटण दाबून तो पडला म्हणून निश्चिंत होऊ नका. बटण आतल्या रेझिस्टरमधून करंटचा असमतोल निर्माण करतं. त्यामुळे अर्थिंग अजिबात नसलं तरी बटणाने आरसीसीबी पडतोच. बटण दाबत राहा, पण पडायला किती मिलिसेकंद लागतात ते आरसीसीबी टेस्टरनेच कळतं. ३० मिलिअँपिअरवर ही मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे.

एसपीडी

एसपीडी म्हणजे व्होल्टेजच्या अचानक लाटेपासून यंत्रांना वाचवणारं उपकरण. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. विजेच्या लाटेत एका मीटर वायरवर साधारण हजार व्होल्ट चढतात, आणि ते थेट यंत्रांच्या वाट्याला येतात. उरलेल्या वायरीची छान गुंडाळी करून ठेवणं तर त्याहून वाईट. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावण्याआधी एसपीडी सोडवा, नाहीतर रीडिंग खोटं येईल. काम झाल्यावर तो पुन्हा जोडायचा राहतो, तेवढं बघा. पाहणीत त्याच्या खिडकीकडेही लक्ष द्या. लाल झाली की कार्ट्रिज संपलं, पण दिवे-पंखे चालूच राहतात, म्हणून महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.