पुलीचे बेअरिंग वारंवार का जाते?

मळणी किंवा कापणी यंत्राच्या एकाच पुलीचे बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष बहुधा बेअरिंगमध्ये नसून त्याच्या आजूबाजूला असतो. म्हणून इंजिन बंद करून व किल्ली काढून पट्टा उतरवावा, बेअरिंग कोणत्या बाजूने बसले होते याची खूण करावी आणि मगच ते काढून, सील (धूळ रोखणारे झाकण) उघडून, धुऊन उजेडात पाहावे.

छर्ऱ्यांचा (आतल्या पोलादी गोळ्यांचा) मार्ग बेअरिंगच्या खाचेच्या एका बाजूला सरकला असेल, तर पुल्या एका रेषेत नसल्याने आडवा दाब येत आहे. तो तिरपा गेला असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंग वाकडे बसले आहे. छर्ऱ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर खड्डे दिसले, तर ते बहुधा ठोकून बसवल्याचे असतात. शिडीसारख्या समांतर रेघा यंत्रावर वेल्डिंग करताना बेअरिंगमधून वीज गेल्याचे सुचवतात. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावला की हे टळते.

पट्ट्याच्या ताणाकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाला की त्याचे अपेक्षित आयुष्य सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. व्ही-पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर, मोकळ्या अंतराच्या दर मीटरला सुमारे १६ मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारा जोर यंत्राच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. पट्टा घसरतो म्हणून तो आवळत राहण्याची सवय घातक आहे. हा पट्टा पुलीच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर टेकायला हवा; पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकत आहे आणि झिजलेली पुली किंवा पट्टा बदलल्याशिवाय कितीही आवळून उपयोग नाही.

त्यानंतर बैठक, म्हणजे बेअरिंग जेथे बसते ती जागा, तपासावी. शाफ्ट फिरत असेल, तर बेअरिंगचे आतले कडे (रिंग) शाफ्टवर घट्ट हवे. ताण देणाऱ्या पुलीत मात्र शाफ्ट स्थिर राहून पुली फिरते, त्यामुळे तेथे बाहेरचे कडे पुलीत घट्ट हवे. हा फरक पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. ज्या बाजूचे कडे घसरून बैठक गुळगुळीत चमकते, तो शाफ्ट किंवा ती पुली दुरुस्त न करता नवे बेअरिंग घातल्यास तेही तसेच जाईल. बसवताना जे कडे घट्ट बसते त्यावरच नळीने सरळ दाब द्यावा. दाब छर्ऱ्यांतून जाता कामा नये.

कायमचे सीलबंद बेअरिंग असेल, तर त्यात ग्रीस भरायचे नसते. निप्पल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेल्या बेअरिंगमध्येही ग्रीस गन जोराने दाबत राहिल्यास सील निघते आणि धूळ आत शिरते; जादा ग्रीसने बेअरिंग तापतेही. वेगळ्या जातीची ग्रीसे एकत्र करू नयेत आणि यंत्र धुताना दाबाच्या पाण्याची धार सीलवर मारू नये.

नवे बेअरिंग बसवल्यावर यंत्र थोडा वेळ चालवावे व ते पूर्ण थांबल्यावर बाहेरील भागाचे तापमान तापमापीने मोजून तशाच दुसऱ्या पुलीशी तुलना करावी. फरक ठळक असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी ताण आणि रेषा पुन्हा तपासाव्यात.