लॅनयार्डचा भाव विचारताय? आधी या चुका टाळा

"लॅनयार्ड पर पीस काय पडेल?" एवढ्या एका ओळीचा मेसेज मला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी येतो. लॅनयार्ड म्हणजे ओळखपत्र गळ्यात अडकवायची छापील पट्टी. सोबत ना लोगो, ना नग किती ते, ना तारीख. शिंप्याला फोन करून "शिलाई किती घेता?" विचारावं आणि सदरा शिवायचाय की कोट हे सांगूच नये, तसा हा प्रकार. मी उलट चार प्रश्न विचारले की समोरच्याला वाटतं, हा भाव लपवतोय. मग तो दुसरीकडून एक गोल आकडा मिळवतो आणि पंधरा दिवसांनी बिल बघून चिडतो. त्या आकड्यात हूक नसतो, दुसऱ्या बाजूची छपाई नसते, वाहतूक तर नसतेच.

पण माझं खरं दुखणं आहे नग मोजून मागवण्याचं.

स्क्रीन छपाईत लोगोच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते. फिल्म काढायची, जाळीवर इमल्शन म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप लावून तिच्यावर उजेड पाडायचा, रंग मिसळायचा, दोन रंग एकमेकांवर सरकू नयेत म्हणून जुळवाजुळव करायची. पुढे ५० पट्ट्या निघोत की ५००, ही तयारी तेवढीच. म्हणून नग वाढले की दर झपाट्याने उतरतो आणि नग कमी असले की तो डोळ्यांत खुपतो. यात छापणाऱ्याची लबाडी नाही, साधा भागाकार आहे.

एका परिषदेसाठी १५ मिलिमीटरची निळी पॉलिस्टर पट्टी आणि त्यावर दोन रंगांचा लोगो, अशी ऑर्डर माझ्याकडे आली होती. नाव नोंदवलेले लोक २५०, म्हणून नगही बरोब्बर २५०. मी म्हटलं, ३०० घ्या, वरच्या ५० ना फक्त कापड, शाई आणि हूक एवढाच खर्च येईल. "उगाच वाया कशाला?" असं उत्तर आलं. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना फोन: अजून ४० हवेत. तोवर जाळ्या धुऊन दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. त्या पुन्हा बनवल्या, रात्रपाळी केली, तातडीच्या कुरियरने माल पाठवला. ते ४० नग आधीच्या शंभरांपेक्षा महाग पडले. शिवाय कापड दुसऱ्या घाण्यातलं, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेलं, त्यामुळे निळा थोडा गडद आला. एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण सभागृहात दोन निळे शेजारी शेजारी आले. गडद निळ्या पट्टीवाल्यांना लोक स्वयंसेवक समजले आणि दिवसभर त्यांना स्वच्छतागृहाचा रस्ता विचारत राहिले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली: नोंदणीच्या आकड्यावर दहा टक्के चढवायचे आणि वरच्या गोल आकड्याला थांबायचं. आणि पट्टीवर वर्ष, तारीख, ठिकाण छापायचं नाही. ते सगळं कार्डावर जाऊ द्या. मग उरलेल्या पट्ट्या पुढच्या वर्षी चालतात आणि "वाया" हा शब्दच निघत नाही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे लोगो न बघता छपाईची पद्धत ठरवणं. "स्वस्तातली स्क्रीन करा" असं सांगायचं आणि लोगो पाठवायचा पाच रंगांचा, त्यात केशरीतून गुलाबीत विरघळणारी छटा. पाच रंग म्हणजे पाच जाळ्या, आणि ती छटा पट्टीच्या खरखरीत विणीवर ठिपक्याठिपक्यांची दिसते. अशा लोगोला सब्लिमेशन बरं. त्यात चित्र आधी कागदावर छापतात आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. रंग दोन असोत की वीस, खर्चाला फरक पडत नाही आणि दोन्ही बाजूंना छपाई सहज होते. पण ही शाई पारदर्शक असते. पांढऱ्या पट्टीवरच ती खुलते, काळ्या पट्टीवर दिसत नाही. काळी जमीन हवी असेल तर काळाही छापूनच घ्यायचा. आणि कापड पॉलिस्टरच हवं. सुती पट्टीवर ही शाई टिकत नाही, म्हणून "पर्यावरणपूरक कॉटन, पण रंग सगळे हवेत" ही मागणी आली की मी आधी चहा मागवतो. अशांना पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचं पॉलिस्टर सुचवावं, त्यावर सब्लिमेशन होतं.

उलट, एकरंगी साधा लोगो आणि हजार-दोन हजार नग असतील तर माझं मत स्क्रीनलाच. तिथे सब्लिमेशन म्हणजे हौस. विणलेली पट्टी, ज्यात लोगो धाग्यातच विणतात, ती दिसते भारदस्त आणि टिकतेही खूप. मात्र बारीक अक्षरं तिला झेपत नाहीत, धाग्याच्या जाडीपेक्षा नाजूक रेघ ती आणणार कुठून?

लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरून जेपीजी पाठवू नका. व्हेक्टर फाइल द्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, नाहीतर तो पुन्हा रेखाटण्याचे पैसे लागतील.

रंग मोबाइलच्या पडद्यावर बघून मंजूर करू नका. पँटोन क्रमांक, म्हणजे छपाईतला रंगाचा ठरलेला नंबर, द्या.

रुंदीत काटकसर करताना जरा विचार करा. १० मिलिमीटरच्या पट्टीत कडा सोडल्या की अक्षरांना सहा-सात मिलिमीटर उरतात. त्यात संस्थेचं लांबलचक नाव, घोषवाक्य आणि तीन प्रायोजक कोंबले की सगळ्यांचे पैसे बुडाले. १५ किंवा २० घ्या, आणि प्रायोजकांना कार्डावर बसवा.

हूक हा पट्टीइतकाच भावाचा विषय आहे, पण तो कोणी विचारत नाही. प्लास्टिकचा, धातूचा, फिरणारा, एक की दोन, सोबत वेगळं होणारं बक्कल, प्रत्येकाने दर बदलतो. एका हुकावर कार्ड हमखास उलटं फिरतं आणि नावाऐवजी कोरी पाठ दिसते. त्यासाठी लोक दोन हुकांची महाग पट्टी घेतात. अहो, कार्डाच्या दोन्ही बाजूंना नाव छापा, झालं. मानेमागचं सुरक्षा बक्कल, जे ओढ बसली की आपोआप सुटतं, ते मात्र मुलं किंवा यंत्रं आसपास असतील तर वगळू नका. तिथे वाचवलेले पैसे मी वाचवलेले धरत नाही.

कार्डाचं पाकीट सगळ्यात शेवटी मागवायचं, हीही एक खोड. बँकेच्या कार्डाचं माप ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, कार्यक्रमाचं कार्ड बहुतेक ए६ म्हणजे १०५ बाय १४८. आधी कार्ड छापून मग पाकीट शोधणारे शेवटी कात्री घेऊन बसतात.

घाईच्या कामाचे जादा पैसे लावले म्हणून भांडणाऱ्यांनी आधी स्वतःचे मेसेज वाचावेत. नमुन्याचं चित्र मंजुरीला जातं आणि तिकडे सहा दिवस "साहेबांना दाखवतो" चालतं. ते सहा दिवस कारखान्याच्या वेळेतूनच जातात.

मंजुरीआधी मी एकच गोष्ट करतो. डिझाइन खऱ्या मापात साध्या कागदावर छापतो, पट्टी कापतो, कोणाच्या तरी गळ्यात चिकटटेपने अडकवतो आणि दोन पावलं मागे जाऊन वाचतो. वाचता आलं नाही तर अक्षरं मोठी, मजकूर कमी. पाच मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकाला करायला सांगितलं की मात्र "पीडीएफमध्ये झूम करून बघितलं, स्पष्ट दिसतंय" असं उत्तर येतं.