क्राईम सिरीजमागची खरी केस शोधायची कशी, आणि त्यात नागपूरचं काय काय सापडतं

सिरीजच्या सुरुवातीला "सत्य घटनांवरून प्रेरित" अशी पाटी आली की आपल्या नागपुरात दोन गट पडतात, एक म्हणतो अबे ही तीच केस आहे, दुसरा म्हणतो नाही बे ती वेगळी, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी यूट्यूबची एक भडक लिंक टाकतो आणि विषय संपतो. खरं शोधायचं असेल तर ते एवढं अवघड नाहीये, फुकटात होतं, फक्त थोडा पेशन्स लागतो.

आधी पाट्या नीट वाचा, सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन्ही. आपण शेवटची पाटी आली की रिमोट उचलतो, पण खरा माल तिथेच असतो. एखाद्या पुस्तकाचे हक्क घेतले असतील तर ते क्रेडिटमध्ये दिसतं, पोलीस सल्लागार कोण होता ते दिसतं. दिल्ली क्राईमचा दुसरा सीझन, चड्डी बनियान गँगवाला, हा दिल्लीचे माजी पोलीस आयुक्त नीरज कुमार यांच्या खाकी फाईल्स या पुस्तकावरून घेतलाय. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं, पुस्तक आणा आणि ताडून बघा.

क्रेडिटमध्ये काही नसेल तर मग माझा एकच नियम, नावाच्या आणि गावाच्या मागे लागू नका. लेखक सगळ्यात आधी तेच बदलतो. शहर बदलतो, आडनाव बदलतो, पोलिसाचा हुद्दा बदलतो. जे बदलत नाही ते म्हणजे गुन्ह्याची विचित्र पद्धत, कारण त्या पद्धतीसाठीच तर त्यानं केस उचललेली असते. दहाड घ्या. 2023 ची सिरीज, गोष्ट राजस्थानातली, बायकांचे मृतदेह सार्वजनिक टॉयलेटमध्ये सापडून राहिले, आतून कडी, सायनाईड, आणि करणारा शिकवणारा माणूस. आता राजस्थान विसरा, फक्त सायनाईड, टॉयलेट आणि शिक्षक हे तीन शब्द इंग्रजीत टाकून शोधा, तुम्ही थेट कर्नाटकात मंगळूरकडे पोचता. तिथला मोहन कुमार, शाळेत मास्तर, लग्नाचं आमिष दाखवून बायकांना परगावी न्यायचा, गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाईड द्यायचा, बसस्टँडच्या टॉयलेटमध्ये जाऊन घे म्हणायचा आणि दागिने घेऊन पसार व्हायचा. 2009 मध्ये पकडला गेला.

आता कागदं कुठे बघायचे ते. इंडियन कानून नावाची साईट आहे, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट वाचायला मिळतात, सर्च इंग्रजीत करा कारण निकाल इंग्रजीत असतात, आणि शब्द अवतरण चिन्हात टाका नाहीतर हजारो निकाल येऊन पडतील. खालच्या कोर्टाचं बघायचं असेल तर ई-कोर्ट्सची सरकारी साईट. तिथं सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र नंबर, असला तर बेस्ट, सोळा अक्षरी असतो, आपल्या नागपूर जिल्ह्याचा एमएचएनजीनं सुरू होतो. नंबर नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून बघता येतं, पण जुन्या खटल्यांचे निकाल अपलोड झालेले असतीलच असं नाही, तिथं अडलात की अपिलाकडे या, नागपूर खंडपीठात अपील झालं असेल तर त्या निकालाच्या पहिल्या काही पानांतच खालच्या कोर्टात काय झालं त्याचा सारांश असतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता 103 आहे, पण त्याआधीच्या घटना जुन्या भारतीय दंड संहितेच्या 302 खालीच सापडतील. सिरीजवाले अजून "दफा तीनसो दो" म्हणतात ते डायलॉगला बरं वाटतं म्हणून.

आणि बलात्काराच्या केसमध्ये पीडितेचं नाव शोधत बसू नका. ते छापणं जुन्या 228 अ कलमाखाली गुन्हा होता आणि नव्या कायद्यातही कलम 72 खाली आहेच. सिरीजमध्ये नावं बदललेली असतात त्यात नुसती निर्मात्याची हुशारी नसते, बरेचदा कायदाच असतो.

ही पद्धत पहिल्यांदा करून बघायची तर दिल्ली क्राईमच्या पहिल्या सीझनवर करा, तो 2012 च्या निर्भया केसवरचा आहे आणि त्या केसचा निकाल सहज मिळतो. सीझन 2019 मध्ये आला, रिची मेहतानं केला, 2020 मध्ये इंटरनॅशनल एमी मिळाला. शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी ही तेव्हाच्या साऊथ दिल्लीच्या डीसीपी छाया शर्मा यांच्यावरून घेतलेली. सुप्रीम कोर्टाचा निकाल 5 मे 2017 चा, मुकेश विरुद्ध राज्य, चारशेच्या वर पानं आहेत, घाबरू नका, आधी घटनेचा भाग वाचा आणि मग पुरावा. त्यात सीसीटीव्हीचा भाग आहे तो नक्की वाचा. दिल्लीत पांढऱ्या बस काय कमी आहेत का, मग पोलिसांनी नेमकी ती कशी ओळखली? हॉटेलच्या कॅमेऱ्यात एक पांढरी बस दोनदा जाताना दिसली, तिच्या बाजूवर "यादव" लिहिलेलं आणि पुढच्या डाव्या चाकाला व्हीलकॅप नाही. एवढ्यावर गाडी सापडली. शरीरावरच्या दातांच्या खुणांची तपासणी तर पार कर्नाटकात धारवाडच्या दंत महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडून करून घेतली होती. असल्या गोष्टी वाचल्या की मग सिरीजमध्ये कुठला सीन कागदातून आला आणि कुठला लेखकाच्या डोक्यातून, हे आपोआप कळायला लागतं. वर्तिकाच्या घरातले सीन कोर्टाच्या कागदात कुठून येणार.

आता आपल्या गावचं. अक्कू यादव. कस्तुरबा नगरातला गुंड, वस्तीतल्या बायांवर वर्षानुवर्षं अत्याचार केले, आणि 13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या जिल्हा कोर्टात, भर दुपारी, जमावानं त्याला कोर्टरूममध्येच मारलं. यावर 2021 मध्ये 200 हल्ला हो आला, सिनेमाच आहे पण ओटीटीवर आला, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू, वस्तीचं नाव बदललेलं. मग 2022 मध्ये नेटफ्लिक्सच्या इंडियन प्रीडेटरमध्ये मर्डर इन अ कोर्टरूम आली, तीन भाग, आणि ती केली कोणी तर आपल्या वळू आणि देऊळवाल्या उमेश कुलकर्णीनं. दोन्ही पाठोपाठ बघा. एकात पात्रं रचलेली आहेत, निवृत्त न्यायाधीश आणलाय, चर्चा घडवून आणलीय, दुसऱ्यात खरी माणसं कॅमेऱ्यासमोर बसून बोलून राहिली. आणि मग तिसरा कागद ठेवा, तो म्हणजे 2014 चा निकाल, ज्यात पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे बघा, दोनशे बाया हा आकडा बातम्यांतून आला, सिनेमाच्या नावात बसला, बायका स्वतः म्हणाल्या की आम्हा सगळ्यांना अटक करा, पण कोर्टाच्या हिशेबात कोणी मारलं हे सिद्धच झालं नाही. मला विचाराल तर या केसचं खरं नाट्य इथंच आहे, आणि ते नुसता सिनेमा बघून कळत नाही.

जुन्या पेपरांसाठी लायब्ररी धरा. हितवाद 1911 पासूनचा पेपर आहे, लोकमतची नागपूर आवृत्ती 1971 पासूनची, तरुण भारत आहेच. आधी नेटवरून तारीख पक्की करा मगच बाईंडिंग मागा, नाहीतर लायब्ररीतला काका तुमच्याकडे असा बघतो की बस. आणि पहिल्या दिवशीची बातमी वाचून निघू नका, ती पोलिसांनी सांगितली तशी छापलेली असते, पुढचे चार-पाच दिवस वाचा, नावं आणि आकडे तिथं दुरुस्त होतात.

पडद्यामागच्या गमतींसाठी सीआयडीसारखी खाण नाही. 1998 ला सोनीवर सुरू झाली, पण बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मराठीत जमली होती, मुंबई दूरदर्शनवरची एक शून्य शून्य, पोलिसांच्या खऱ्या केसेसवरची, नाव कंट्रोल रूमच्या शंभर नंबरवरून. म्हणजे प्रद्युमनचं मूळ मराठीत आहे, हे हिंदीवाल्यांना सांगायला मजा येते. याच सीआयडीनं 2004 मध्ये 111 मिनिटांचा एपिसोड एकाच टेकमध्ये शूट केला होता, एकही कट नाही.

पण खऱ्याशी ताडून बघायला बसलात की सीआयडी फार हसवते. राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, एसीपी हे पद आयुक्तालयातलं, सीआयडीत त्या जागी डीवायएसपी असतो. शहरात रोजचा खून झाला तर तपास पोलीस स्टेशन किंवा क्राईम ब्रांच करते, सीआयडीकडे केस वर्ग व्हावी लागते. आणि साळुंखे साहेब! पोस्टमॉर्टेमही तेच, डीएनएही तेच, विषही तेच ओळखणार, ते पण कोल्ड कॉफी संपायच्या आत. नागपुरात बॉडी मेडिकलला नाहीतर मेयोला जाते, तिथले डॉक्टर पीएम करतात, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, सीलबंद होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, ती वेगळी जागा, वेगळा विभाग, आणि रिपोर्टची वाट बघून बघून तपास अधिकारी थकतो. सिरीज कितपत अभ्यास करून केलीय हे बघायचं असेल तर फक्त एवढंच बघा, लॅबचा रिपोर्ट किती दिवसांनी येतो.

कास्टिंगची यादी पण वाचत जा. अमेरिकेतली द वायर, लिहिणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोर सन या पेपरचा माजी रिपोर्टर, सोबत एड बर्न्स माजी डिटेक्टिव्ह. त्यात "जे लँड्समन" नावाचं एक पात्र आहे, त्याच नावाचा खरा डिटेक्टिव्हही सिरीजमध्ये आहे, पण तो दुसऱ्याच पोलिसाच्या भूमिकेत. आणि बर्न्सनं ज्याला खरोखर पकडलं होतं तो ड्रग्जवाला मेल्विन विल्यम्स, तो चर्चमधल्या डीकनच्या भूमिकेत. नावानं गुगल केल्याशिवाय हे दिसत नाही.

काही एपिसोडचं मूळ सापडतच नाही, कारण लेखकानं दोन-तीन केसेस मिसळलेल्या असतात, पद्धत एकीची, आरोपी दुसरीचा, शेवट मनाचा. तिथं पद्धतीचे शब्द आणि आरोपीच्या धंद्याचे शब्द वेगवेगळे शोधून बघा, दोन वेगळे निकाल हाती आले तर समजा मिसळ आहे. आणि कस्तुरबा नगरात जाऊन "ते घर कोणतं" असं विचारत फिरू नका राव, तिथं लोकं राहतात, आणि जे हवंय ते सगळं कागदात आहे.