रोजच्या पाण्याचा हिशेब : मापांच्या या चुका टाळा

दिवसभरात किती पाणी पोटात गेले याची नोंद ठेवताना सर्वांत मोठी चूक होते ती ‘ग्लास’ हे ठरावीक माप मानल्यामुळे. घरातला एक स्टीलचा पेला २०० मिलिलिटरचा असतो, तर शेजारचाच दुसरा ३०० मिलिलिटरचा. आठ ग्लासांची बेरीज पहिल्या पेल्याने १.६ लिटर होते आणि दुसऱ्याने २.४ लिटर, म्हणजे नोंदवहीत आकडा तोच राहून प्रत्यक्षात ८०० मिलिलिटरचा फरक पडतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांना पाणी वाढवायला सांगितलेले असते, तर हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही विकारांत डॉक्टर दिवसाची मर्यादा आखून देतात; अशा घरांत हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही.

म्हणून रूपांतराचे कोष्टक शोधण्याआधी आपले पेले, फुलपात्र, तांब्या आणि चहाचा कप मोजून घ्यावेत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, आपण रोज भरतो तिथपर्यंतच पाणी ओतावे आणि जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर समजावे. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याचे वजन लिटरमागे चार-पाच ग्रॅमने कमी भरते, पण त्याने या हिशेबाला बाधा येत नाही. काटा नसेल तर एक लिटरची सीलबंद बाटली आणून तिच्यातून किती पेले भरतात ते पाहावे. साडेचार पेले भरले तर एक पेला साधारण २२० मिलिलिटरचा. भांडे काठोकाठ भरून मोजणे ही मात्र हमखास होणारी चूक आहे, कारण पिताना आपण ते तसे कधीच भरत नाही.

‘कप’ या मापाने आणखी घोटाळा होतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असून तिथल्या पोषणविषयक लेबलांवर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात तो २५० आणि जपानमध्ये २०० मिलिलिटरचा आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या मापाच्या कपांच्या संचात २४० आणि २५० असे दोन्ही प्रकार आढळतात, तेव्हा दांड्यावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय तो संच वापरू नये. पाककृतींतला आणखी एक समज इथे आड येतो : एक कप मैदा सुमारे १२० ते १२५ ग्रॅम भरतो, पण तोच कप पाण्याने भरला तर वजन जवळजवळ दुप्पट होते. कपाचे ग्रॅम करणारे पिठाचे कोष्टक पाण्याला लावू नये.

मोबाइलमधल्या ॲपमध्ये बेरीज विचित्र दिसू लागली, तर आधी सेटिंगमधले एकक तपासावे. तिथे बहुधा औंस निवडलेला असतो. अमेरिकी द्रव औंस २९.५७ मिलिलिटरचा, ब्रिटिश २८.४१ चा, आणि वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, अशी ही तीन वेगळी मापे आहेत. औंसात फरक थोडा वाटतो, पण अमेरिकी पाइंट १६ औंसांचा म्हणजे ४७३ मिलिलिटर, तर ब्रिटिश पाइंट २० औंसांचा म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यामुळे परदेशी बाटली वापरणाऱ्यांची गफलत इथे मोठी होते. प्रत्येक घोटाचे औंस करून ते पूर्णांकात लिहिले की दर नोंदीत थोडी चूक साठत जाते. सगळी नोंद मिलिलिटरमध्येच ठेवावी आणि गरजच असेल तर दिवसाअखेरीस एकदाच रूपांतर करावे.

एकक बरोबर असूनही लक्ष्य चुकीचे असू शकते. अमेरिकेत पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर हे जे आकडे सांगितले जातात, ते अन्न आणि सर्व पेये धरून आहेत. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा अन्नातून मिळतो असे तिथेच मानले आहे. तो पूर्ण आकडा निव्वळ पाण्याचा समजून पेले मोजणे चूक आहे. चहा, ताक आणि सरबत नोंदीत धरलेच पाहिजे.

डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल तर आमटी, सार आणि बर्फही मोजावा. बर्फाचे वजन करावे, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. अशा वेळी सकाळीच दिवसाचे सगळे पाणी मोजून एका भांड्यात भरून ठेवावे, आणि चहा किंवा ताक घेतले की तेवढेच पाणी त्यातून काढून टाकावे.