संस्था चालवण्याचं शिक्षण: बेळगाव सीमाभागातून पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात संस्थांना तोटा नाही. वाचनालयं आहेत, महिला मंडळं आहेत, बचत गटांचे संघ आहेत, २०१९ च्या पुरात मदतीला उभी राहिलेली तरुण मंडळंही आहेत. काढताना उत्साह असतो. पुढे ऑडिट, आयकराची नोंदणी, देणगीदाराचा अहवाल आणि कार्यकर्त्यांचे पगार एकाच महिन्यात अंगावर येतात, तेव्हा कुणीतरी विचारतं, याचं काही शिक्षण मिळतं काय? मिळतं. पण कॉलेजांची यादी उघडण्याआधी एक काम करा.

आधी संस्थेचे कागद वाचा

तुम्ही ज्या संस्थेत काम करता तिचे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागून घ्या. चहाचा कप बाजूला ठेवून जमाखर्च नीट बघा. एकाच देणगीदाराकडून किती येतं? पगारावर किती जातं? ‘इतर खर्च’ या ओळीत काय काय कोंबलंय? मग नोंदणी कशाखाली आहे ते पाहा. आपल्याकडच्या बहुतेक मंडळांची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली असते आणि तिची वार्षिक कागदपत्रं जिल्हा निबंधकांकडे जातात. ट्रस्टची गोष्ट वेगळी. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल तर आणखी वेगळी.

हे वाचलं की संस्था नेमकी कुठे अडते ते कळतं, आणि अभ्यासक्रम त्यावरच ठरतो. दोन उदाहरणं देतो.

परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून वाटा घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांचा एक रस्ताच त्यामुळे मिटला.

दुसरं सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचं. ‘उद्यमबागेत एवढे कारखाने आहेत, सीएसआर मागू या,’ असं बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं. पण कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं ते ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला. तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. छोट्या फाउंड्रीचा मालक या कायद्यात बसतच नाही. तो देईल ती स्वखुशीची देणगी, आणि ती मागायची रीतही निराळी. शिवाय एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. हे समजायला पदवी लागत नाही. हे सगळं सांभाळणारी माणसं आणि पद्धती उभ्या करायच्या असतील, तर मात्र शिक्षण उपयोगी पडतं.

मग अभ्यासक्रमाची जात ओळखा

लोकांशी थेट काम, गट बांधणं, समुपदेशन, क्षेत्रकार्य याकडे ओढा असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. त्यासाठी लांब जायला नको. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आहे, कोल्हापूरला सायबर नावाची संस्था आहे, पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था आहे. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमएसडब्ल्यू आहे. इतर कुठलाही दूरस्थ अभ्यासक्रम घेताना त्याला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. जाहिरातीवर जाऊ नका.

धोरण, विकासाचं अर्थकारण, संशोधन यात रस असेल तर बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ बघा. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार तिथे शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे फीचा आकडा बघूनच माघारी फिरू नका. टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, मुंबईत १९३६ पासून आहे. तुळजापूरलाही तिचं आवार आहे. देवीला आपण जातोच, एकदा तिकडेही डोकावून या की. टिसच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

व्यवस्थापनच शिकायचं असेल, म्हणजे हिशेब, मनुष्यबळ, बाजार, सहकारी संघ, तर गुजरातेतल्या आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ती उभी केली. २०२५ मध्ये तिचं त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. दूध संघ, साखर कारखाने, पतसंस्था यांच्यात वाढलेल्या आपल्या भागातल्या मुलांना तिथला विषय परका वाटणार नाही. फी मात्र जड आहे.

माझं मत विचाराल तर पदवी झाल्या झाल्या यातलं काहीच करू नका. दोन वर्षं कुठल्या तरी संस्थेत काम करा, पगार कमी असला तरी. अर्जातही त्याचं वजन पडतं. आणि या क्षेत्रातले सुरुवातीचे पगार बघता मोठं शैक्षणिक कर्ज काढून शिकणं मला पटत नाही.

दोन राज्यांचे कागद

सीमाभागातल्या मुलाला इथे एक दार जास्त आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा गट असतो. त्यासाठी वादग्रस्त भागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. आपलं गाव यादीत आहे का ते आधी पाहा, आणि दाखले प्रवेश सुरू व्हायची वाट न बघता काढून ठेवा. हा लाभ कुठल्या अभ्यासक्रमाला आणि कुठल्या कॉलेजात मिळतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघायचं. शेजारच्या मुलाला मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही. कर्नाटकातच शिकणार असाल तर राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. शेतकऱ्याच्या घरातले असाल तर रयत विद्यानिधी ही शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती सध्या चालू आहे का, याची चौकशी करा.

अर्जातला निबंध

अर्ज बहुतेक इथेच पडतो. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य वाचून निवड करणारे कंटाळलेले असतात. त्याऐवजी असं काही लिहून बघा:

‘आमच्या संघातल्या गटांच्या वह्या मराठीत असतात, बँकेचे कागद कन्नडमध्ये, आणि देणगीदार अहवाल इंग्रजीत मागतो. एकाच हप्त्याची नोंद तीन ठिकाणी तीन तारखांना होते: वहीत बैठकीच्या दिवशी, पासबुकात पैसे जमा झाले त्या दिवशी, आणि अहवालात तिमाहीच्या शेवटी. त्यामुळे मार्चअखेर थकबाकीचा आकडा कधीच जुळत नाही. मी तिन्हींचा एक तक्ता केला, पण पन्नास गटांना तो कसा शिकवायचा हे मला जमलं नाही.’

यात एक अडचण आहे, केलेलं काम आहे आणि शिकायचं काय हेही आहे. तुमची अडचण निराळी असेल. ती इतक्याच बारकाईने मांडा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा. शिफारसपत्र आमदारांकडून घेऊ नका, ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं त्यांच्याकडून घ्या.

वर्ग सुरू होईपर्यंत

इंग्रजीची भीती असेल तर रोज एक अहवाल वाचा. मोठ्या संस्थांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. आणि कन्नड लिहायला-वाचायला शिका. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, तहसीलदाराचं पत्र कन्नडमध्येच येणार, आणि ते वाचायला दरवेळी दुसऱ्याला बोलवणारा सचिव संस्थेला परवडत नाही. मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा: क्षेत्रकार्य आपल्याच तालुक्यात करता येईल का? काही ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तर शेवटच्या वर्षाचा प्रबंध तरी आपल्या संस्थेच्या कागदांवर करता येतो का, ते विचारून घ्या.